हातमोजे घातल्यासारखं

७ जानेवारी

आजपासून दुखण्याची वही. हौस म्हणून नाही, शिक्षा म्हणून. मानेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, की दुखणं कधी सुरू झालं, तेव्हा मी काय करत होतो, किती वेळ टिकलं, हे रोज लिहायचं. हातचं राखून लिहू नका, असंही म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मास्तरीण ठेवलंय. वय माझ्या लेकीएवढं, पण दरारा हेडमास्तरांचा.

तर माहिती अशी. वय एकसष्ट. धंदा दात बनवण्याचा. मी दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर लोक जबड्याचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा तयार होतो, आणि त्या साच्यावर मेणात दात बसवून आम्ही कवळी करतो. घराखालच्या एका खोलीत हे चालतं, तिला आम्ही कारखाना म्हणतो. चौतीस वर्षं रोज आठ तास मान खाली, डोळा भिंगाला आणि समोर कुणाचा तरी जबडा. तीन महिन्यांपासून मानेतून उजव्या खांद्यात, तिथून दंडात आणि थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी चेपली आहे, कडेनं हाड वाढलंय, त्यामुळं शीर दबते. वयोमानानुसार होतं, म्हणाले. हा शब्द ऐकून मी जरा खट्टू झालो. लोकांचे दात झिजले तर मी नवे करून देतो. मणक्यांची तशी सोय नाही.

वही हिनं आणून दिली. ही म्हणजे माझी बायको. वर माझं नावही तिनंच घातलं. एके काळी हिचं अक्षर मोत्यासारखं होतं. कारखान्यातल्या प्रत्येक डबीवर पेशंटचं नाव आणि नंबर आजवर तीच लिहीत आली. आता बघावं तर वहीवर कोंबडी नाचून गेल्यासारखं. म्हटलं, अक्षराला पेन्शन देऊन टाकलीस वाटतं. हसली.

९ जानेवारी

कळ अकरा वाजता, पुन्हा चारला. दोन्ही वेळा खालचे पुढचे दात बसवत होतो. टेबलाच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, म्हणजे काम वर येईल आणि मान कमी वाकेल. मेहुणा म्हणाला, भावजी, आता लग्नाच्या स्टेजवर बसून काम केल्यासारखं वाटतंय. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. पॉलिशचं काम त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नाही, आणि फुकटची थट्टाही.

१३ जानेवारी

मान बरी होती, पण सकाळीच डोकं फिरलं. हिच्या हातून कप फुटला. महिनाभरातला तिसरा. गरम चहा माझ्या कागदांवर. म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं? ती फरशी पुसत बसली. कपाचे तुकडे गोळा करायलाही तिला इतका वेळ लागला, की शेवटी मीच खाली बसून केले, आणि त्यानं मान धरली ती दुपारपर्यंत. नोंद: कळ साडेआठ ते एक. कारण, कप.

अजून एक. ही हल्ली घरात चालताना भिंतीला हात लावत जाते. जिन्याजवळच्या भिंतीवर हाताच्या उंचीला काळपट पट्टा उमटलाय. रंग देऊन दोन वर्षंही झाली नाहीत. सांगितलं तिला. बरं, म्हणाली.

१८ जानेवारी

मास्तरीणबाईंकडं दुसरी फेरी. आज त्यांनी नीट समजावलं. एक्स-रेनं घाबरून जाऊ नका, म्हणाल्या. साठीला आलेल्या बहुतेकांच्या मानेत अशी झीज दिसते, कित्येकांना तर तिचा पत्ताही नसतो. केस पिकतात तसे मणकेही पिकतात. झीज मागं फिरत नाही, पण दुखणं आटोक्यात आणता येतं, आणि ते बरंचसं माझ्याच हातात आहे.

व्यायाम म्हणजे काय, तर हनुवटी सरळ मागं ओढायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. दहा वेळा, दिवसातून चारदा. आरशात पाहिलं तर फुगलेला बेडूक. दर वीस मिनिटांनी कामावरून उठायचं. गळपट्टा दिवसभर घालून बसायचं नाही, त्यानं स्नायू आळशी होतात. न्हाव्याकडून मान मोडून घेणं कायमचं बंद. हे ऐकून मी छताकडं बघत राहिलो, कारण परवाच मोडून घेतली होती. त्या म्हणाल्या, मानेत नुसती हाडं नाहीत काका, मधून मेंदूकडून आलेला दोर जातो. त्याच्याशी खेळ नको.

निघताना एक छापील कागद दिला. यातलं काहीही जाणवलं तर व्यायाम थांबवा आणि ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. हातातून वस्तू निसटतात का? लिहिणं, बटणं लावणं जड जातं का? चालताना तोल जातो का? लघवीवरचा ताबा सुटतो का? मी बसमध्येच पेन काढून एकेकापुढं 'नाही' लिहिलं. चार प्रश्न, चार नाही, पैकीच्या पैकी. कागद या वहीतच ठेवला आहे.

२२ जानेवारी

थंडी. कळ फक्त एकदा, तीही दहा मिनिटं. व्यायामाला गुण येतोय.

ही सकाळी स्वेटर घालून बाहेर आली तर वरची दोन बटणं उघडीच. म्हणाली, "हातात हातमोजे घातल्यासारखं वाटतं हो. वस्तू हातात असते, पण आहे असं वाटत नाही." म्हटलं, मग खरेच हातमोजे घाल, थंडी पडली आहे. बटणं मी लावून दिली. कामाला उशीर होत होता.

३ फेब्रुवारी

आज जे झालं ते चौतीस वर्षांत झालं नव्हतं. दोन कवळ्यांची अदलाबदल. एक निवृत्त गायनशिक्षिका, एक वखारीचा मालक. तिच्या डॉक्टरांकडं त्याची कवळी गेली. ती बिचारी खुर्चीत तोंड उघडून बसली आणि डॉक्टरबाईंनी डबी उघडली तर आत हा भला मोठा पुरुषी जबडा. डॉक्टरबाई फोनवर शांतपणे बोलत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन्ही डब्या परत मागवल्या, चूक शोधायला वेळ लागला नाही. डब्यांवरचे नंबर एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस. हिनं लिहिलेले. एक कुठला आणि सात कुठला, ब्रह्मदेवाला कळणार नाही. नावांची तर नुसती रेघ. ही चार वाजता रोजच्यासारखी खाली आली तेव्हा मी दोन्ही डब्या तिच्यासमोर आपटल्या. वाच, म्हटलं, तुझं तुलाच येतंय का वाचता. तिनं वाचायचा प्रयत्न केला. मेहुणा समोर होता, डब्या न्यायला आलेला माणूस दारात उभा होता, पण माझी जीभ सुटली ती सुटलीच. म्हटलं, काम करायचं नसेल तर तसं सांग. मन लागत नसेल तर वर बसून राहा. लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू आहेत या.

ती वळली. जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून वर गेली.

जरा जास्तच झालं, हे मान्य. पण चूक ती चूक. मान दुपारपासून अशी धरली आहे की डावीकडं वळत नाही.

४ फेब्रुवारी

छापील लेबलांची सोय केली. मेहुण्यानं दिवसभरात एकही थट्टा केली नाही. संध्याकाळी मशीन पुसता पुसता म्हणाला, "भावजी, ताईचं अक्षर निष्काळजीपणानं बिघडलेलं नाही. ती लिहिताना मी पाहिलंय. घाम येतो तिला." मी म्हटलं, डोळे असतील. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तपासून घे म्हणून तिला सांगतो.

८ फेब्रुवारी

ही एकटीच जाऊन डोळे तपासून आली. नंबर तोच आहे.

१४ फेब्रुवारी

दंडातली कळ जवळजवळ गेली. मास्तरीणबाईंनी पाठ थोपटायचीच बाकी ठेवली. वही बघून म्हणाल्या, इतकी शिस्तीची नोंद कुणी करत नाही. मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. आता मान बळकट करायचे व्यायाम सुरू. पुढच्या वेळी नेहमीची उशी घेऊन या, म्हणाल्या. झोपताना मान कशी राहते ते त्यांना बघायचंय.

ही हल्ली खाली येत नाही. चार वाजले की मी अजून जिन्याकडं बघतो. सवय.

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दूर राहते, रविवारी फोन करते. मी मानेचा सगळा अहवाल दिला. मग म्हणाली, आईला द्या. हिनं फोन घेतला, सगळं छान आहे म्हणाली. पाच मिनिटांनी फोन हातातून निसटून पलंगाखाली गेला, आतून लेकीचा आवाज येतोय, हॅलो, आई, हॅलो. मला हसू आलं. लेकीलाही सांगितलं, तुझ्या आईला आता फोन दोरीनं गळ्यात बांधायला हवा. लेक हसली नाही. म्हणाली, बाबा, आई हळू बोलते का हल्ली? म्हटलं, तुझा फोन जुना झालाय.

२६ फेब्रुवारी

सगळं लिहितो. हातचं न राखता.

आज उशी घेऊन मास्तरीणबाईंकडं जायचं होतं. माझ्या हातात फाइल आणि एक्स-रे, म्हणून उशी घ्यायला हिला बरोबर घेतलं. बसमधून उतरताना तिला वेळ लागला, मागचे लोक कुरकुरले, मीही पुढं जाऊन उभा राहिलो. दवाखान्याला फक्त दोन पायऱ्या आहेत. उशी छातीशी धरून, खाली बघत, ती एकेक पायरी चढली. मास्तरीणबाई दारात होत्या. मी नमस्कार केला तर त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच.

त्यांनी हिला विचारलं, "काकू, चालताना तुम्ही खाली का बघता?"

"नाही बघितलं तर पाय कुठं पडला ते कळत नाही," ही म्हणाली. किती वाजले हे सांगावं, तितक्या सहज.

हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मास्तरीणबाईंनी उशी माझ्या हातात दिली आणि हिला खुर्चीत बसवलं. मुठी भराभर उघडायला-मिटायला सांगितल्या आणि घड्याळ लावलं. आधी मला करायला लावलं होतं, माझे दहा सेकंदांत चोवीस झाले होते. हिचे नऊ. बोटं उघडताना करंगळी मागं राहायची, मग सावकाश येऊन मिळायची. मग तिचं मधलं बोट धरून त्यांनी नखावर टिचकी मारली, तर तिचा अंगठा आपोआप आत वळला. पुन्हा मारली, पुन्हा वळला. माझ्या बोटावर मारली तर काही हललं नाही. गुडघ्यावर हातोडी लावली तर तिचा पाय असा उडाला की तीच दचकली. रेघेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला मास्तरीणबाईंनी तिला धरलं.

दुखतं का, विचारलं. नाही, म्हणाली. कधीच? मान थोडी आखडते, पण दुखत नाही. दुखणं यांना आहे.

मास्तरीणबाई माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "काका, तुमची उशी ठीक आहे. काकूंना उद्याच डॉक्टरांकडं घेऊन जा. मी चिठ्ठी देते. उद्याच."

येताना रिक्षा केली. उशी आमच्या दोघांच्या मधे होती. घरी आल्यावर मी वहीतून तो कागद काढला, ज्यावर मी चारदा 'नाही' लिहिलं होतं. मोठ्यानं वाचला. ही उत्तरं देत गेली. हो. हो. हो. चौथ्या प्रश्नाला जरा थांबली, खाली बघून म्हणाली, कधीकधी.

तेहतीस वर्षांचा संसार. एका घरात, एका जिन्यावर.

१ मार्च

मशीनमधे घालून फोटो काढले. मणक्यांच्या सर्जननी पडद्यावर दाखवले. मज्जारज्जू म्हणजे मास्तरीणबाईंनी सांगितलेला तो दोर. वर चांगला गोल, खाली चांगला गोल, आणि मधे तीन ठिकाणी गाद्यांनी आणि वाढलेल्या हाडांनी दाबून पट्टीसारखा चपटा झालेला. माझ्यासारखीच झीज. माझ्यात ती बाजूच्या शिरेवर दाबली, म्हणून कळ आली, म्हणून मी ओरडलो, म्हणून सगळं घर माझ्या मानेभोवती फिरलं. हिच्यात ती मधल्या दोरावर दाबली. त्यात दुखतंच असं नाही. नुसते हातपाय हळूहळू परके होत जातात.

किती दिवसांपासून, सर्जननी विचारलं. ही म्हणाली, दोन वर्षं झाली असतील. मी तिच्याकडं बघत राहिलो.

ऑपरेशन करावं लागेल. गळ्याच्या बाजूनं जाऊन त्या गाद्या काढायच्या, दोराला मोकळं करायचं, मणके एकमेकांना जोडायचे. मी विचारलं, मग बरी होईल ना? सर्जन सरळ माणूस आहे. म्हणाला, पुढं बिघडणं थांबावं म्हणून करायचं. जे गेलंय त्यातलं काही परत येईल, काही येणार नाही, किती ते आज सांगता येत नाही. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, लवकर आलेलं केव्हाही चांगलंच. आता आहे तिथून सुरुवात करू.

मी केलं म्हणून झालं का, हेही विचारलं. डब्यांवर वाकून लिहायला लावलं वगैरे. नाही, म्हणाला, झीज वयाची आहे, कुणाचा दोष नाही. मला तेवढ्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं, की त्यानं फक्त झिजेबद्दल सांगितलं होतं.

२ मार्च

ही वही पहिल्या पानापासून वाचली. कप आहे. भिंतीवरचा पट्टा आहे. बटणं, फोन, नंबर, सगळं तारीखवार. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, इतकी शिस्तीची नोंद कुणी करत नाही. एखाद्यानं हिच्याच दुखण्याची वही ठेवायची म्हटलं असतं तरी याहून नीट जमली नसती. फक्त प्रत्येक ठिकाणी मी तिला बोललोय, किंवा हसलोय.

पुढं लिहवत नाही.

६ मार्च

लेक आली. आईला मिठीत घेऊन बराच वेळ उभी होती. मग स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून विचारलं, "बाबा, तुम्ही भिंगाखाली केसाएवढा फरक बघता. हे कसं दिसलं नाही?"

मी म्हटलं, तिनं सांगितलं नाही. मग आठवलं आणि म्हटलं, एकदा सांगितलं होतं, जानेवारीत, हातमोज्यांचं. लेक ओट्याकडं वळली. कप विसळून पालथे घातले, एकेक, अगदी सावकाश.

९ मार्च

ऑपरेशन. साडेतीन तास. मेहुणा माझ्या शेजारी बसला होता. त्याला म्हटलं, तू चार फेब्रुवारीला सांगितलंस. तो म्हणाला, "मीही एकदाच सांगितलं, भावजी. पुन्हा सांगायला हवं होतं." त्याचे डोळे लाल होते.

झालं व्यवस्थित, असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं.

१२ मार्च

आवाज बसलाय तिचा, घोगरा येतो. गळ्याच्या बाजूनं गेल्यामुळं काही दिवस राहील, म्हणतात. घास गिळताना त्रास होतो. मी पातळ करून भरवतो. आज तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटाला धरलं, मला वाटलं जवळ ओढतेय. चमचा फार आत घालत होतो, म्हणून थांबवत होती.

२७ मार्च

घरी येऊन दहा दिवस झाले. लेक कालच परत गेली. स्वयंपाक मी आणि मेहुणा मिळून करतो, कसा होतो ते न लिहिलेलं बरं. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवला. न्हाणीघरात दांडी. मास्तरीणबाई आता घरी येतात, हिच्यासाठी. माझ्याकडं वळूनही बघत नाहीत आणि तेच योग्य आहे. वाटीतली कडधान्यं एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायची, हा हिचा व्यायाम. शंभर दाण्यांना काल चौदा मिनिटं लागली, आज तेरा.

माझी मान? दुखते. लिहिण्यासारखं काही नाही.

१६ एप्रिल

हाताची पकड थोडी सुधारली. चालणं काठीच्या आधारानं. पायातलं जडपण तसंच आहे. सर्जन म्हणाला, वर्षभर वाट बघू, पण फार मोठ्या आशा नकोत. हिच्या गळ्यात अजून पट्टा आहे, मान हलवता येत नाही, म्हणून डोळ्यांनीच हो म्हणाली.

संध्याकाळी ती खिडकीशी बसली होती, मी तिच्या बोटांना तेल चोळत होतो. बरेच दिवस घशाशी आलेलं बोलून टाकलं. म्हटलं, तू मला एकदा सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. हातमोज्यांचं. ते वहीत आहे माझ्या. मला माफ कर.

ती म्हणाली, "एकदा नाही. तीनदा सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकला तर ती जसा दुरुस्त करते तसं म्हणाली. मी म्हटलं, सांग. तिनं सांगितलं.

पहिल्यांदा दोन वर्षांपूर्वी, लेकीकडून परतताना बसस्थानकाच्या पुलावर. ती म्हणाली होती, माझे पाय माझं ऐकत नाहीत. मी म्हणालो होतो, मग त्यांना जरा आधी सांगत जा, गाडी सुटेल. तिथं उभे असलेले दोघंतिघं हसलेही होते. मला यातलं काही आठवत नाही. पूल आठवतो, गाडी मिळाली हे आठवतं.

दुसऱ्यांदा हातमोज्यांचं.

तिसऱ्यांदा, ज्या दिवशी डब्यांची अदलाबदल झाली त्या संध्याकाळी. मी वर येऊन खुर्चीत बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला भीती वाटते." मी डोळे न उघडता म्हणालो, "वाटायलाच हवी."

तो दिवस या वहीत आहे. पानभर आहे. हे वाक्य त्यात नाही.

मी विचारलं, मग तू काय केलंस?

"काय करणार? तुमची मान धरली होती. पाणी तापवलं, पिशवी भरली, तुम्हाला शेक दिला."

बोटांना तेल लावायचं राहून गेलं. तिनंच मग हात पुढं केला, की अजून दोन बोटं बाकी आहेत.

१७ एप्रिल

दिवसभर एकच विचार. ती ओरडली असती तर? पण मग कळलं, की हा विचारही तिच्याच माथी खापर फोडणारा आहे. तिनं तीनदा सांगितलं. नेहमीच्या आवाजात सांगितलं. नेहमीच्या आवाजात सांगितलेलं मला ऐकू येत नव्हतं, यात तिचा काय दोष.

मेहुण्याला म्हटलं, आठवड्यातून तीनच दिवस काम घेऊ. तो बरं म्हणाला.

५ मे

मास्तरीणबाईंनी बाहेर चालायची परवानगी दिल्यापासून रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जातो. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. पूर्वी मी पुढं चालायचो. आता तिच्या काठीच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागं. असंच चालायचं असतं, मास्तरीणबाईंनी शिकवलंय.

आज औषधांच्या दुकानापुढं ती काहीतरी पुटपुटली. रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. मी विचारलं, काय म्हणालीस? म्हणाली, काही नाही. मी थांबलो. म्हटलं, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. ती चार पावलं पुढं गेली, काठी टेकून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो आणि वाट बघत राहिलो. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

"डावा बूट चावतो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले असतील."

मी तिथंच फुटपाथवर खाली बसलो. बसल्याबरोबर मानेतून कळ गेली, ती म्हणाली, तुम्हाला वाकायचं नाही. मी बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, फुटलेला, मोज्याला चिकटलेला. ओल्या रुमालानं मोजा सोडवत असताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तोल जाऊ नये म्हणून.

आठ दिवस रोज संध्याकाळी तो बूट मीच तिच्या पायात चढवत होतो.